‘माझी घ्या’ म्हणणारी आई : एका घराचं प्रकरण

धायरीतलं चार माणसांचं घर. वडील नऱ्ह्याला एका वर्कशॉपमध्ये, आई घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको वगैरे, मुलगा २७ वर्षांचा, कॉम्प्युटर सपोर्टची नोकरी, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आणि धाकटी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मूळचे सासवडकडचे, कुलदैवत जेजुरी. कुणाचंच नाव देत नाही, आईला मी प्रत्यक्षात काकू म्हणते तेच इथेही लिहिते. काकूंना आणि मुलाला विचारूनच हे लिहिलंय, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत.

मी मेडिकल सोशल वर्कर आहे, डायलिसिस आणि ट्रान्सप्लांटच्या पेशंट्सच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. या कामात पैसा, कागदपत्रं, योजना, आहार सगळ्यावर बोललं जातं पण देवाचा विषय आला की बरेच जण तो हळूच बाजूला सारतात, म्हणजे ‘ती त्यांची श्रद्धा’ असं म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. आपल्याकडच्या घरात संकट आलं की पहिला फोन नातेवाईकाला आणि पहिला नमस्कार देवाला जातो, मग त्या देवाशी त्या बाईचं काय बोलणं चाललंय हे न विचारता तिला मदत कशी करणार? मी स्वतः देव मानते. या घराचं सगळं प्रकरण त्या बोलण्याभोवतीच फिरलं म्हणून ते सविस्तर लिहितेय.

सुरुवात डोकेदुखीने झाली. पोराला वाटलं स्क्रीनसमोर बसून नंबर वाढला असेल, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, आणि त्यांनी डोळ्याच्या आतला पडदा बघून चष्म्याचं काही न बोलता आधी बीपी मोजून घे म्हणून सांगितलं. बीपी २०० च्या वर. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ११, फारच जास्त. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसून लहान झालेल्या. किडनीचा आजार असाच असतो, बराच काळ आवाजच करत नाही, आणि किडन्या इतक्या आकसल्या की बायोप्सी करून, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासून, फार काही हाती लागत नाही, उलट रक्तस्रावाचा धोका, त्यामुळे नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, ती केलीच नाही. म्हणजे आजार कशामुळे झाला याचं उत्तर या घराला कधीच मिळालं नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण काकूंचा पहिला छळ तिथूनच सुरू झाला. लहानपणी ताप आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं का, पोटात होता तेव्हा कुठली गोळी घेतली होती का, डबा द्यायचा कंटाळा करून बाहेर खायला पैसे दिले म्हणून का... रात्र-रात्र हेच. कारण सापडलं नाही की आया स्वतःलाच कारण बनवतात, हे मी बऱ्याच घरात पाहिलंय.

आधी मानेतून नळी टाकून डायलिसिस, मग डाव्या हातावर फिस्टुला केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर छोटं ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात, मग काही आठवड्यांत ती शीर मोठी आणि जाड होते आणि तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया घालता येतात. त्या जागेवर बोटं ठेवली की आतून थरथर लागते, ती लागली म्हणजे फिस्टुला चालू आहे. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास मशीन. ‘महात्मा फुले योजने’त डायलिसिस बसलं म्हणून निदान तो खर्च तरी अंगावर आला नाही.

आणि पहिल्याच भेटीत, मी अजून फाइल उघडतेय तोवर काकू म्हणाल्या, “मॅडम ते लिस्ट-बिस्ट नको, माझी घ्या. आत्ता घ्या. मी जेवले पण नाहीये सकाळपासून.”

इथे कायद्याचं थोडं सांगते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं हे अवयव देऊ शकतात, २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. आईची किडनी मुलाला, यात कायद्याची अडचण काहीच नव्हती. ब्लड ग्रुपही जुळत होता, दोघंही ओ पॉझिटिव्ह. पण दात्याच्या तपासण्या एकामागून एक होतात आणि काकूंचं गाडं पहिल्याच टप्प्यावर अडलं. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी रक्ततपासणी, ७.८. काकूंना डायबेटिस होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं, डायबेटिसमुळे पुढे तुमच्याच किडन्यांवर परिणाम होऊ शकतो, तुम्हाला तुमच्या दोन्ही लागणार आहेत, तुमची घेता येणार नाही.

वडिलांचा ग्रुप बी, शिवाय अँजिओप्लास्टी झालेली. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाशी अदलाबदल करायची कायदेशीर सोय आहे, स्वॅप म्हणतात, पण त्यालाही आपल्याकडचा एक दाता धडधाकट लागतो. धाकटी स्वतःहून म्हणाली मी देते. तिच्या वयाचा आणि आजाराचं कारणच माहीत नसल्याचा विचार करून डॉक्टर म्हणाले घाई करायची नाही, आणि भावाने तर विषयच संपवला, “तिचं अजून सगळं व्हायचंय, मी तिची घेणार नाही, मला कुणी परत विचारू नका.” मला तो त्या क्षणी फार मोठा वाटला.

मग उरला एकच रस्ता, मेंदूमृत, म्हणजे ज्याचा मेंदू कायमचा थांबलाय अशा दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवणं. महाराष्ट्रात त्यासाठी चार विभागीय केंद्रं आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर. पुण्याच्या केंद्राकडे नोंदणी झाली, आणि थांबणं सुरू झालं.

काकूंना थांबणं जमेना

‘तुमची चालणार नाही’ हे काकूंच्या कानात शिरलं पण आत उतरलंच नाही. त्यांनी मनाशी ठरवलं की साखर खाली आणली की डॉक्टर तयार होतील. त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं, नंतर कळलं. साखरेच्या गोळ्या चालू, आणि त्यावर उपास. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, आणि त्यातही साबुदाणा-बटाटा नाही, नुसतं पाणी आणि चहा, म्हणजे साखरही उतरेल आणि नवसही फिटेल. जेजुरीचा नवस होता की पोराला किडनी मिळाली तर पायथ्यापासून दंडवत घालत गडावर येईन. गुडघे दुखतात त्यांचे, शिलाई मशीनवर बसून बसून. शिवाय शेजारणीने सांगितलेलं पारायण, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला अकरा हजार जप, बहिणीने बोललेली ओटी. दिवसभरात त्यांना देवासमोर नुसतं शांत बसायला वेळच नव्हता, देवाचं इतकं काम अंगावर घेतलं होतं.

आणि दुसरीकडे पोरावर पहारा. डायलिसिसच्या पेशंटला लघवी जवळजवळ होत नाही त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, त्याला डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर सांगितलं होतं, चहा, आमटी, ताक सगळं धरून. काकूंनी त्याचं फुलपात्र वेगळं काढलं आणि माठाला झाकणावर वजन ठेवलं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, हे त्या इतकं काटेकोर करायच्या की घरात सगळ्यांनाच चोथा खावा लागायचा. तो बाथरूममध्ये जास्त वेळ राहिला तर दारावर थाप, आत नळाचं पाणी पितोय का म्हणून. डायलिसिसला त्या सोबत, चार तास बाहेर बाकावर, मध्ये मध्ये दारातून टेक्निशियनला विचारणार बीपी किती, किती काढलं. आणि रात्री दोन वाजता, चार वाजता उठून झोपलेल्या पोराच्या हातावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. २७ वर्षांचा पोरगा तो. तो मला म्हणाला, “मॅडम, मला आजारपणाचा इतका त्रास नाही होत. आई मला बघत असते त्याचा होतो.”

आणि व्हायचं तेच झालं, तो चोरून प्यायला लागला. ऑफिसात, टपरीवर. वडापाव खायचा, वर मीठ लावलेली मिरची, मग तहान. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साडेचार-पाच किलोने वाढायचं, म्हणजे तेवढे लिटर पाणी अंगात. शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन असायचं, मधली ती सुट्टी सगळ्यात अवघड, एका रविवारी पहाटे त्याला आडवंच होता येईना इतका दम लागला आणि इमर्जन्सी डायलिसिस करावं लागलं. काकूंनी त्यातून काय घेतलं, तर पहारा कमी पडला.

याच काळात भावकीतल्या कुणीतरी एका काढेवाल्याचं नाव सांगितलं. डायलिसिस बंद करायचं, काढा चालू करायचा, किडनी परत उघडते. नाव-गाव लिहीत नाही. आकसलेली किडनी कुठल्याही काढ्याने परत उघडत नाही आणि डायलिसिस चुकवलं की पोटॅशियम चढून हृदय बंद पडू शकतं, काही झाडपाल्यात किडनीला विषारी द्रव्यंही असतात. हे मी आणि डॉक्टर दोघांनी सांगितलं, पण काकूंना थांबवलं ते आमच्या बोलण्याने नाही, पोराने साफ नकार दिला म्हणून. तो म्हणाला मी मशीन सोडणार नाही. मला इथे एवढंच सांगायचंय की अशा वेळी ‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणणाऱ्यांत आणि ‘औषध सोडा’ म्हणणाऱ्यांत घरच्यांची फार पटकन गल्लत होते. देवावर भरवसा ठेवणारा माणूस डायलिसिसला वेळेवर जातो. त्यात काहीही कमीपणा नाही.

बाकावरचा तो दिवस

एका सोमवारी पोरगा आत मशीनवर, दोन तास झालेले. काकू बाहेर बाकावर, सोमवारचा कडक उपास, सकाळी गोळी घेतलेली. बसल्या बसल्या घाम फुटला, बोलणं अडखळलं आणि बाजूच्या बाईच्या अंगावर कलंडल्या. साखर ४८. आतून पोराने आईचं नाव ऐकलं, सिस्टरची धावपळ बघितली आणि त्याला उठता येईना. दोन्ही सुया हातात, रक्त नळ्यांमधून फिरतंय, मशीनचा अलार्म वाजायला लागला कारण त्याने हात हलवला. टेक्निशियनने त्याचा खांदा धरून ठेवला. मी पोचले तेव्हा काकूंना साखरपाणी देऊन झालं होतं, त्या शुद्धीवर होत्या, आणि आत तो रडत होता. त्याचं डायलिसिस संपल्यावर तो आईसमोर येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, “या घरात मशीनला बांधलेला मी एकटा पुरे आहे. तू पण नको.”

त्यानंतर काकू माझ्याशी खरं बोलायला लागल्या. पहिल्यांदा त्या रडल्या त्या किडनीसाठी नाही. म्हणाल्या, “मी जन्म दिला, रक्त माझं, ग्रुप माझा, आणि माझ्याकडे दोन असून द्यायची नाही म्हणतात. मग मी आई कसली?” याला मी लगेच उत्तर दिलं नाही. ‘असं नाही हो काकू’ म्हणून पाठ थोपटणं सोपं असतं, पण त्या बाईला पहिल्यांदा आयुष्यात अशी जागा आली होती की जिथे कष्ट करून पुढे जाता येत नाही. आजवर जे अडलं ते त्यांनी शिलाई मशीन जास्त चालवून सोडवलं होतं, पोराची फी, दिराचं लग्न, घराचा हप्ता. इथे जास्त चालवून काही होणार नव्हतं. त्यांना ते कळत होतं म्हणून तर त्या सगळी ताकद देवाकडे वळवत होत्या, तिथे तरी कष्टाचं काहीतरी मिळेल म्हणून.

पुढच्या एका भेटीत त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. “मॅडम, हल्ली मला देवापुढे हात जोडवत नाहीत. मी काय मागू? माझ्या पोराला किडनी मिळू दे म्हणजे कुणाचं तरी पोर जाऊ दे असंच ना ते? परवा सिंहगड रोडला अॅक्सिडेंट झाला, अँब्युलन्स गेली, आणि माझ्या मनात काय आलं ते मी सांगू नाही शकत. त्या दिवसापासून दिवा लावते आणि मान खाली घालून उठते.”

वेटिंग लिस्टवरच्या किती घरांत हे मनात येत असेल आणि कुणी कुणाला सांगत नसेल. मी माझ्या परीने जे माझ्याकडे होतं ते सांगितलं, की मेंदूमृत ठरवणं हे लिस्टवरच्या कुणासाठी होत नाही, कायद्याने ठरवलेलं चार डॉक्टरांचं पॅनल असतं, कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात, अवयव काढणारी टीम त्यात नसते. जे जातात ते तुमच्या प्रार्थनेने जात नाहीत. आणि घरचे देतात तेव्हा ते त्यांच्या दुःखातून देतात, तुम्ही मागितलं म्हणून नाही. हे ऐकून काकूंची मान हलली, पण मला दिसत होतं की हा प्रश्न माझ्या माहितीने सुटणारा नाही. तिथे माझ्या कामाची हद्द संपत होती. म्हणून मी विचारलं, तुमच्या घरात असं कुणी आहे का ज्यांच्याशी तुम्ही देवाबद्दल बोलू शकता?

होते ना. त्यांचे वडील. सासवडजवळच्या गावात राहतात, ऐंशीच्या घरात, माळकरी, आयुष्यभर वारी केलेली, आता गुडघ्यांमुळे पालखी पुण्यात मुक्कामाला आली की फक्त भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात येऊन दर्शन घेऊन परत जातात. काकू त्यांना आप्पा म्हणतात. काकूंचं सासर खंडोबाचं आणि माहेर विठोबाचं, लग्नानंतर हरिपाठ सुटलेला. आप्पांना नातवाचं कळलं होतं पण ‘म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास’ म्हणून नीट कुणी सांगितलंच नव्हतं.

काकू दोन दिवस माहेरी जाऊन आल्या. हे सुद्धा मोठं होतं, त्या दोन दिवसांत पोराचं एक डायलिसिस होतं आणि त्या पुण्यात नव्हत्या. आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. त्यांनी आप्पांना सगळं सांगितलं, अँब्युलन्सचंही. आप्पा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तू मागू नको. सांग. पोरगं असंअसं हाय, मला भ्या वाटतंय, मला जमंना झालंय, हे सांग आन झोप. त्येला काय करायचं त्ये तू शिकवू नको.” मग दंडवताचा विषय निघाला, तर म्हणाले, “गुडघं फोडून घेतलं तर खंडोबाला काय मिळनार हाय? त्यो बी बापच हाय ना.”

काकू म्हणाल्या, “मॅडम, मला जमंना झालंय हे वाक्य मी बोललेच नव्हते हो कधी. देवाला पण नाही.”

काय काय सोडलं

इथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ‘देवावर सोडलं’ असं तोंडाने म्हणणारी पुष्कळ माणसं मी बघते आणि त्यांच्या दिवसात काहीच बदललेलं नसतं. काकूंच्या दिवसात बदललं, आणि ते एका झटक्यात नाही, कुरकुरत, मागे-पुढे होत.

पहिलं गेलं रात्रीचं थरथर बघणं. तो हात पोराचा, ते बघायचं काम पोराचं, आम्ही पहिल्या दिवसापासून पेशंटलाच शिकवतो. ठरलं की तो सकाळी उठल्यावर आणि झोपताना स्वतः बघणार आणि काही वेगळं लागलं तर लगेच युनिटला फोन करणार. काकूंनी विचारलं आणि रात्री बंद पडला तर? पोरगा म्हणाला तर सकाळी कळेल आणि आपण लगेच जाऊ, तू दोन वाजता बघून तो चालू राहतो असं थोडंच आहे. पहिल्या आठवड्यात त्या उठायच्याच, पण त्याच्या खोलीत न जाता देवघरापाशी बसायच्या आणि आप्पांनी सांगितलं तसं सांगायच्या. म्हणजे जी दोन वाजताची जाग होती ती गेली नाही, फक्त ती पोराच्या हातावरून उठून देवापुढे जाऊन बसली. काही काळाने झोपही लागायला लागली.

मग पाणी. आमच्या डाएटिशियनने पोराला समोर बसवून सांगितलं की पाण्याशी भांडू नकोस, मिठाशी भांड, मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते. त्याने स्वतःची अर्ध्या लिटरची बाटली ठेवली, सकाळी भरायची, तीच दिवसभर, बाकीचं चहा-आमटीत धरायचं. माठावरचं वजन निघालं. काकूंना हे सगळ्यात जड गेलं असणार कारण त्यात तो चुकणार हे त्यांना दिसत होतं, आणि तो चुकलाही, दिवाळीत फराळ खाऊन चार किलो चढवून आला. काकू काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यांत त्याचं वाढणारं वजन बहुतेक वेळा दोन-अडीच किलोवर यायला लागलं. हे देवाने केलं असं मी म्हणत नाही, पोराने केलं, पण आईने हात काढला नसता तर त्याला ते करायला जागाच नव्हती असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रसादाचा एक छोटा पण आपल्या घरांमधला खरा प्रश्न, केळं, शहाळं, पंचामृत. शहाळ्यात आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर, डायलिसिसच्या पेशंटला धोक्याचं. आधी काकूंना वाटायचं प्रसादाने कसं काही होईल. आता त्याला बोटाच्या टोकावर टेकवून कणभर देतात आणि बाकीचा धाकटीला. प्रसाद कणभरच असतो, असं त्या स्वतःच मला म्हणाल्या.

डायलिसिसची पाळी त्याने संध्याकाळची मागून घेतली म्हणजे दिवसा काम करता येईल. तो एकटा येतो, सुटल्यावर गळून गेलेला असतो म्हणून शुक्रवारी आत्याचा मुलगा न्यायला येतो, बाकी दिवशी बसने धायरीला. आत्या म्हणजे काकूंची नणंद, जिच्याशी त्यांचं फारसं पटत नव्हतं, तिच्याकडे मदत मागायला काकूंना नवसापेक्षा जास्त त्रास झाला. पण मागितली. उपासांचं डॉक्टरांशी बोलून ठरवलं, एकादशी ठेवली, फराळ वेळेवर आणि गोळीचा डोस त्या दिवशी डॉक्टर सांगतील तसा, बाकीचे सोडले. एचबीएवनसी आता ६.९ आहे. त्यांनी परत एकदा विचारलं, आता तरी? डॉक्टर म्हणाले नाही. त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या, मला वाटलं होतं परत कोसळतील, नाही कोसळल्या.

फोन आला ती रात्र

रात्री एकच्या सुमाराला फोन. दाता मिळालाय, ओ ग्रुप, लगेच या, काही खाऊ-पिऊ नका. ज्यांना माहीत नसतं त्यांना वाटतं फोन आला म्हणजे किडनी मिळाली. तसं नसतं, यादीतल्या गुणांप्रमाणे एकापेक्षा जास्त पेशंट्सना बोलावतात, कारण क्रॉसमॅच करावं लागतं, म्हणजे दात्याच्या पेशींवर पेशंटचं रक्त हल्ला करतं का ते बघायचं, आणि वरच्या नंबरच्या पेशंटला ताप-इन्फेक्शन असेल किंवा क्रॉसमॅच जुळलं नाही तर पुढचा तयार लागतो. हे मी या घराला आधीच दोन-तीनदा सांगून ठेवलं होतं. तरी त्या रात्री कोण लक्षात ठेवतं. चौघे गेले, मोकळा सिंहगड रोड, पोराच्या बॅगेत धाकटीने भरलेले कपडे.

क्रॉसमॅच जुळलं. पण त्याच्या वर एक जण होता आणि त्याचंही जुळलं. सकाळी नऊच्या पुढे सांगितलं की तुम्ही घरी जा.

मला काकूंचा फोन आला तेव्हा आवाज घोगरा होता, रडून झालेलं होतं. म्हणाल्या, “नाही झालं मॅडम. वर जो होता ना, तो बऱ्याच वर्षांपासून मशीनवर आहे, त्याची बायको होती तिथे, लहान मुलगी कडेवर. तिने माझा हात धरला, तिला बोलताच येईना.” मग थांबून म्हणाल्या, “ज्यांनी दिली त्यांच्या घरी आज काय चाललं असेल हो. मी घरी येऊन आधी त्यांच्यासाठी दिवा लावला. आता मान खाली नाही घालावी लागत.”

मी फोन ठेवला आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईला अँब्युलन्स गेल्यावर स्वतःच्या मनाची भीती वाटत होती तीच बाई ज्या दिवशी हातातोंडाशी आलेलं गेलं त्या दिवशी अनोळखी घरासाठी दिवा लावत होती. ‘देव परीक्षा बघतोय’ हे वाक्य त्या दिवशी त्यांना निदान पाच नातेवाईकांनी ऐकवलं. मला ते वाक्य अजिबात आवडत नाही. काकूंनी कुणाशी वाद घातला नाही, फक्त मला म्हणाल्या, बघत असेल तर बघू दे, मी काय आता अभ्यास करत नाही त्याचा.

अजून न सुटलेलं

पोरगा अजून डायलिसिसवर आहे, नाव यादीत आहे, फोन चार्ज केलेला असतो. नोकरी चालू आहे. धाकटीची परीक्षा झाली. काकू रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, शेवटी आप्पांना फोन लावतात.

पण या घरात एक माणूस आहे ज्याच्याबद्दल मी इतका वेळ फार लिहिलं नाही कारण तो बोलतच नाही. वडील. अँजिओप्लास्टी झालेला माणूस वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम करतोय, ट्रान्सप्लांट झालं तर पुढची औषधं जन्मभराची आणि महाग, त्यासाठी. बायको हरिपाठाला बसली की ते उठून गॅलरीत जातात. दर रविवारी जेजुरीला जाणारा माणूस वर्ष होऊन गेलं तिकडे फिरकला नाही. त्या रात्री हॉस्पिटलमधून परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत आणि घरी येऊन तसेच डबा घेऊन कामावर गेले. काकू म्हणतात मी त्यांना काही सांगत नाही, माझं मला आप्पांनी सांगितलं तेव्हा कळलं, त्यांचं त्यांना कुणीतरी सांगेल. मला ते बरोबर वाटतं, पण त्यांच्या छातीची मला काळजी वाटते, गोळ्या वेळेवर घेत नाहीत असं धाकटी सांगते. पुढच्या मंगळवारी त्यांना एकट्यालाच बोलावलंय, कारण सांगितलंय योजनेच्या कागदांवर सही. कार्डिओलॉजीची अपॉइंटमेंटही त्याच दिवसाची घेऊन ठेवलीये. येतो म्हणालेत.